निर्दोष सुटल्यावरही

मंगळवार, ६ फेब्रुवारी

‘रुग्णाची प्रकृती स्थिर असून त्यास घरी सोडण्यात आले.’ हे वाक्य मी नोकरीत इतक्यांदा लिहिलं आहे की आज डॉक्टरांच्या तोंडून ऐकताना हात आपोआप खिशातल्या पेनाकडे गेला. खिसा नव्हता. इस्पितळाचा झगा होता.

सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या बातम्या दिल्या. आता सक्तीची रजा आहे आणि बोटं शिवशिवतात, म्हणून हे लिहितो आहे. वाचक नाही, संपादक नाही, शब्दमर्यादा नाही. असं लिखाण कोणी करू नये, असं मीच नव्या पोरांना सांगत आलो.

घटना थोडक्यात: एका सरकारी कार्यालयात तिसऱ्या मजल्यावर पत्रकार परिषद होती. तिथेच छातीत कळ आली. लिफ्ट बंद. ती बंद असल्याची बातमी मीच आठवड्यापूर्वी दिली होती आणि ती कोणीही मनावर घेतली नव्हती, हे सप्रमाण सिद्ध झालं. शेवटी आमच्या छायाचित्रकारानं, म्हणजे भिंगानं, मला पाठुंगळी घेऊन तीन मजले खाली आणलं. धमनीत स्प्रिंग बसवली. वाचलो.

ही मला न्यायला आली तेव्हा पोहण्याच्या तलावावरून थेट आली होती. गळ्यात शिट्टी तशीच. ही पोहायला शिकवते. मार्चमधल्या स्पर्धेला हिनं मुलींचा संघ घेऊन बाहेरगावी जायचं होतं. टॅक्सीत सहज म्हणाली, “तिकडे आता दुसऱ्या बाई जातील.” वर्षभर पहाटे उठून तयार केलेला संघ. मी म्हटलं, “सॉरी.” ती म्हणाली, “कशाबद्दल? खिडकी बंद कर, वारा लागेल.”

शुक्रवार, ९ फेब्रुवारी

भिंग येऊन गेला. कमरेला पट्टा. मला उतरवताना पाठीत उसण भरली ती अजून गेलेली नाही. कॅमेऱ्याची पिशवी उचलता येत नाही, म्हणून त्याला ऑफिसात बसवून जुने फोटो लावायचं काम दिलं आहे.

“गुरुजी,” तो म्हणाला (थोडं संस्कृत येतं एवढ्या अपराधावर ऑफिसात मला गुरुजी म्हणतात), “दिसता त्यापेक्षा फार जड आहात हो तुम्ही.”

“शब्दरूपं पाठ आहेत सगळी. त्यांचं वजन.”

“मग निदान द्विवचनं तरी वर ठेवून यायचं होतंत. कोण वापरतं ती?”

खूप हसलो. तो गेल्यावर डोळ्यांना धार लागली, ती बराच वेळ थांबेना. नव्या गोळ्यांचा परिणाम असणार. गोळ्यांच्या पाकिटातलं पत्रक वाचून काढलं. त्यात डोळ्यांबद्दल काही नाही. पत्रकं नीट लिहीत नाहीत.

गुरुवार, १५ फेब्रुवारी

संपादकांचा फोन. “घरी बसल्या बसल्या काहीतरी हलकंफुलकं लिहा. हृदयविकाराची गंमत वगैरे.” सकाळी बसलो. एक ओळ लिहिली, खोडली. दुपारी तीच ओळ पुन्हा लिहिली. वाचायला घेतलं तर एका पानावरून दुसऱ्या पानावर जाईपर्यंत पहिलं पुसलेलं. पहाटे जाग येते आणि मग झोप लागत नाही. जेवण म्हणजे बिनमिठाचा पुठ्ठा. पण त्याचा दोष मिठाचा. मिठाशिवाय इंद्राचं अमृतही सपकच लागत असेल.

ही तलावावरून आली. डोळे लाल. क्लोरीन फार टाकतात हल्ली. म्हणाली, नव्या तुकडीतले एक बँकेतले गृहस्थ आज खोल पाण्याकडे गेले आणि गटांगळी खाल्ली. कोणाच्या लक्षातच आलं नाही.

“ओरडले नाहीत?” मी विचारलं.

“बुडणारा ओरडत नाही. ते सिनेमात. खरा बुडणारा गप्प असतो. हातसुद्धा फारसे हलवत नाही. शेजारच्याला वाटतं, मजेत उभा आहे.”

“मथळा छान आहे,” मी म्हटलं. “‘शेजारच्याला वाटलं, मजेत आहे.’”

तिनं माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

“काय?”

“काही नाही. जेव. तसंच टाकलं आहेस सगळं.”

मंगळवार, २० फेब्रुवारी

आजपासून इस्पितळाच्या तळघरात हृदयरुग्णांचा व्यायाम. लांब खोली, चालण्याच्या यंत्रांची रांग, भिंतीवर एका निरोगी माणसाचं चित्र. तो आमच्याकडे कीव आल्यासारखा बघतो. छातीवर चिकटपट्ट्या लावून वायरी जोडतात. चालवणाऱ्या बाई तरुण आहेत, सगळ्यांना काका म्हणतात आणि कोणाचंही ऐकत नाहीत.

त्यांची पद्धत अशी: जोड्या लावतात. एक चालतो, दुसरा शेजारी बसतो. बसलेल्यानं चालणाऱ्याला मधूनमधून प्रश्न विचारायचे आणि शेवटी त्याचा अहवाल बाईंना द्यायचा. दम किती लागला, रंग कसा होता, बोलणं तुटत होतं का. स्वतःबद्दल काही सांगायचं नाही. “स्वतःबद्दल सगळे काका खोटं बोलतात,” बाई म्हणाल्या.

माझ्या नशिबी कोण यावं? निवृत्त न्यायाधीश! ज्यांच्या न्यायालयात मी वार्ताहरांच्या बाकावर नऊ वर्षं बसलो ते.

“तुम्ही,” ते म्हणाले. “दुपारच्या सत्रात झोपायचात.”

“निकालाच्या वेळी जागा असायचो, साहेब.”

“निकालाचं वाक्य तुम्ही एकदा अर्धंच छापलं होतंत.”

“उरलेल्या अर्ध्यावर जाहिरात आली.”

त्यांच्या मिशीला काहीतरी झालं. हसू असावं, पण तेवढ्यावर शिक्कामोर्तब करता येणार नाही. मी यंत्रावर चढलो आणि पावलांना लय मिळावी म्हणून ‘देवः देवौ देवाः’ म्हणू लागलो. न्यायाधीशांनी अहवाल दिला: “दम माफक. रंग ठीक. पुटपुटतो.”

मंगळवार, २७ फेब्रुवारी

न्यायाधीशांचं काहीतरी बिनसलं आहे. आज एक बूट घालून बसून राहिले. दुसरा हातात. बाईंनी दोनदा हाक मारली. मी वाकून बूट घातला, तर म्हणाले, “राहू द्या. जायचं कुठे आहे?” पत्नी जाऊन काही वर्षं झाली, सुनेजवळ राहतात. जेवत नाहीत, असं बोलण्यात आलं. पहाटेच उठून बसतात. वर्तमानपत्र उघडतात, पण वाचत नाहीत (हे मात्र मला लागलं). मुख्य म्हणजे ‘माझ्यामुळे सगळ्यांना त्रास’ हे वाक्य तासाभरात चार वेळा.

वार्ताहराचा डोळा आहे माझा. मी बाईंना बाजूला घेऊन सगळं सांगितलं, मुद्देसूद. “ही साधी मरगळ नाही,” म्हटलं. “माणूस आतून विझत चालला आहे. मोठ्या डॉक्टरांना सांगा.”

बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “आणि तुम्ही, काका?”

“मी मजेत.”

दुसऱ्याचं दुःख वेळीच ओळखता येणं हीसुद्धा एक विद्या आहे. घरी आल्यावर हिला सांगितलं. ही टॉवेल पिळत होती, ती थांबली. “न्यायाधीशांना झोप लागत नाही, जेवण जात नाही, आपण ओझं आहोत असं वाटतं,” तिनं हळूहळू परत म्हटलं. “तुला हे लगेच कळलं?”

“लगेच.”

ती स्वयंपाकघरात गेली आणि नळ बराच वेळ चालू राहिला.

संध्याकाळची गोळी आज राहिली. ही संध्याकाळी तुकडी घ्यायला जाते तेव्हा घ्यायची असते. समोर डबी होती, पाणी होतं. हात गेला नाही. एवढा खटाटोप, एवढी माणसं, एवढी औषधं, आणि कशासाठी, तर मी टिकावा म्हणून. खर्चाच्या मानानं उत्पन्न दिसत नाही. असो. जगबुडी काही झाली नाही.

शुक्रवार, १ मार्च

न्यायाधीशांना हसवलं! ते यंत्रावरून उतरून घाम पुसत होते, मेलेल्या आवाजात म्हणाले, “गोळ्या गिळायच्या आणि पट्ट्यावर चालायचं. पोचायचं कुठेच नाही.”

मी म्हटलं, “साहेब, मी संध्याकाळच्या गोळीला रजा दिली आहे. पगारी. चोख काम करते बिचारी, पण मालकालाच काम नको झालंय.”

ते हसले. चांगले खांदे हलवून हसले. बाई लांबून बघत राहिल्या. आज अहवालात मी लिहायला सांगितलं: “मनःस्थितीत सुधारणा.”

कितीतरी दिवसांनी कोणाच्या तरी उपयोगी पडलो.

मंगळवार, ५ मार्च

काही नाही.

रविवार, १० मार्च

हिच्या मुलींची स्पर्धा होती. ही इथे, फोन समोर ठेवून जेवणाच्या टेबलापाशी. दुसऱ्या बाई पलीकडून एकेक निकाल सांगत होत्या. हिची सगळ्यात लाडकी पोरगी दुसरी आली. एका बोटाच्या अंतरानं. ही ओरडली, टेबलावर थाप मारली, आणि मग हळूच म्हणाली, “वळताना भिंतीला पाय उशिरा लावला असणार. समोर उभी असते तर…” आणि माझ्याकडे बघून थांबली.

“तू जायला हवं होतंस,” मी म्हटलं. “मी काय, इथे पडून राहिलो असतो. माझ्यासारख्या ओझ्यापायी…”

“तू ओझं आहेस हे कोणी सांगितलं तुला?”

“विश्वसनीय सूत्रांकडून समजतं.”

एरवी अशा वाक्याला ही उशी फेकून मारते. आज टेबलावरून उठली आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून उभी राहिली. मला वाटत होतं ते एवढंच, की तिनं हात काढून घ्यावा. उगाच तिचा हात अवघडेल.

सकाळच्या गोळ्याही आता रजेवर आहेत. डबीतून काढून कागदात गुंडाळतो आणि टाकून देतो. हिला डबी रिकामी दिसते. हे फसवणुकीत मोडतं, हे मला कळतं. पण अपराधांच्या यादीत हा इतका खाली आहे की त्याचा नंबर लागायला वेळ लागेल.

मंगळवार, १२ मार्च

न्यायाधीशांची खुर्ची रिकामी.

बाईंनी मला दाराशीच गाठलं. “काका, घाबरू नका. त्यांना रविवारी ॲडमिट केलं. पुन्हा अटॅक. आता शुद्धीवर आहेत.” आणि मग, सहज, पट्ट्या उलगडत: “गोळ्या घेतच नव्हते म्हणे. सुनेला कपाटात सापडल्या.”

मी यंत्रावर चढलो नाही.

रजा. पगारी. ते हसले होते. खांदे हलवून.

गुरुवार, १४ मार्च

मी एका माणसाला जवळजवळ मारलं. विनोद करून. हत्यार सापडायचं नाही, साक्षीदार खोलीभर. आयुष्यभर दुसऱ्यांच्या खटल्यांत ‘आरोपीच्या चेहऱ्यावर पश्चात्तापाचा लवलेशही नव्हता’ असं लिहिलं. आता आरशात बघितलं. लवलेश सोडून दुसरं काही नाही.

हिला सांगितलं नाही. सांगायचं तर माझ्या गोळ्यांचंही सांगावं लागेल. ही दोनदा म्हणाली, “चल, तलावावर येऊन नुसता बस, ऊन आहे.” गेलो नाही. पाण्यातली माणसं बघवत नाहीत.

शुक्रवार, १५ मार्च

भिंगाला फोन केला. म्हटलं, मला इस्पितळात सोड. तो स्कूटर घेऊन आला, पट्टा अजून कमरेला. “या वेळी स्वतः चढा, गुरुजी. उचलण्याची सेवा बंद आहे.” वाटेत त्याला सगळं सांगून टाकलं. स्कूटरवर बरं असतं, तोंड दिसत नाही. इस्पितळाच्या दाराशी तो म्हणाला, “मी खाली थांबतो. कितीही वेळ लागू दे.”

न्यायाधीश उशीला टेकून बसले होते. मिशी खाली आलेली, पण डोळे जागेवर. मी कॉटच्या पायथ्याशी उभा राहिलो. आपोआपच. पिंजऱ्यात उभं राहतात तसा.

“साहेब, मी रजेचं बोललो म्हणून तुम्ही…”

“थांबा.” हात वर केला. तोच जुना हात. “तारीख काय होती?”

“एक मार्च.”

“मी गोळ्या बंद केल्या होत्या त्याच्या कितीतरी आधी. व्यायामाला येण्याच्याही आधी. तुमचा या प्रकरणाशी संबंध नाही.”

“मग तुम्ही हसलात का?”

“सहआरोपी भेटला म्हणून,” ते म्हणाले.

मी खुर्चीत बसलो.

“तुम्ही त्या बाईंना माझ्याबद्दल सांगितलंत, हे मला माहीत आहे. त्यांनी डॉक्टरांना आणलं. मी उलट साक्ष दिली. ‘मी ठणठणीत आहे, तो वार्ताहर आहे, अतिशयोक्ती करतो.’ तुमचं म्हणणं फेटाळून लावलं मी. या वेळी मात्र कोणी मला विचारलंच नाही. एक मनाच्या डॉक्टरीणबाई आल्या आणि बसल्या. मी त्यांच्यासमोर रडलो. हे छापू नका.”

“नाही छापत.”

“त्या म्हणाल्या, हृदयाच्या धक्क्यानंतर असं बऱ्याच जणांना होतं. हा आजारच आहे, स्वभाव नव्हे. आणि तो अंगावर काढला तर हृदयही बरं व्हायला तयार होत नाही.” त्यांनी सलाइनची नळी बाजूला सारली. “तुम्ही निर्दोष आहात. लेखी हवं असेल तर सुनेला कागद आणायला सांगतो.”

“नको.”

“मग आता मला सांगा. तुमची ती गोळी कामावर परतली का?”

मी उत्तर दिलं नाही. त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. न्यायालयातही त्यांची हीच सवय होती. आरोपी गप्प राहिला की ते खाली बघून काहीतरी लिहायचे, आणि त्यानं तो जास्त घाबरायचा.

शनिवार, १६ मार्च

वाटलं होतं, आज हलकं वाटेल. सरळ हिशेब आहे. आरोप खोटा ठरला, न्यायाधीशांनी स्वतः सोडलं, अपिलाला जागा नाही. पहाटे जाग आली तेव्हा ते तिथेच होतं. उशाशी. तेवढंच. गुंजभरही कमी नाही.

आणि मग माझं काय चाललं होतं, तर दुसरा गुन्हा शोधणं. भिंगाची पाठ. हिची स्पर्धा. बोटाच्या अंतरानं हरलेली पोरगी. ऑफिसात माझं काम करणारा तो नवा मुलगा. ही तपासणी बराच वेळ चालली. एकेक आरोप उचलायचा, लावून बघायचा, मापाचा नाही म्हणून ठेवायचा, पुढचा. सव्वीस वर्षं खटले पाहिले, पण आधी शिक्षा आणि मग तिच्या मापाचा गुन्हा शिवायचा, असं न्यायालय पाहिलं नव्हतं. ते माझ्यातच भरलं होतं, रोज पहाटेपासून.

ही चहा घेऊन आली. बाहेर जायचे कपडे, केस ओले. मी म्हटलं, “मी गोळ्या घेत नाही. आधी संध्याकाळची सोडली, मग सगळ्या. तुला फसवलं.”

तिनं कप ठेवला. ओरडली असती तर बरं झालं असतं, मी तयारीत होतो.

“सोमवारची वेळ घेऊन ठेवली आहे मी,” ती म्हणाली. “डॉक्टरांशी बोलले परवा. गोळ्यांचं माहीत नव्हतं मला. बाकीचं माहीत होतं. तुला तिथवर कसं न्यायचं तेवढंच सुचत नव्हतं.”

“मी येईन.”

“येशीलच. आणि आत्ताच्या घे, माझ्यासमोर.” घेतल्या. डॉक्टरांनाही तिनं लगेच फोन केला. मग पलंगाच्या कडेला बसली आणि आपले दोन्ही तळहात डोळ्यांवर दाबून धरले. मी ‘सॉरी’ म्हणायला तोंड उघडलं, तर हात न काढताच म्हणाली, “ते नको. ते सोडून काहीही बोल.”

काहीही सुचलं नाही. माझ्यासारख्या माणसाला!

सोमवार, १८ मार्च

डॉक्टरांनी विचारलं, “कसं वाटतं?”

मी म्हटलं, “प्रकृती स्थिर असून…”

ते हसले नाहीत, वाट बघत राहिले. ही शेजारी होती. मला माझंच अर्धं वाक्य हवेत लोंबताना दिसत होतं आणि ते पूर्ण करायचं कौशल्य कुठेतरी गेलं होतं.

“मला सगळ्यांची माफी मागावीशी वाटते,” मी म्हटलं. “सारखी.”

“कशाबद्दल?”

“तेच सापडत नाही.”

डॉक्टरांनी मान हलवली. जणू मी गुडघा कुठे दुखतो ते अचूक दाखवलं होतं. मग प्रश्न. झोप, भूक, वाचन, पहाट, जगावंसं वाटतं का. शेवटच्या प्रश्नाला वेळ लागला. मी म्हटलं, मरायला काही केलं नाही, पण जगायलाही काही केलं नाही. हिनं माझं मनगट धरलं. घट्ट.

त्यांनी सांगितलं ते बहुतेक सगळं मी न्यायाधीशांकडून ऐकलं होतं. आजार आहे. बऱ्याच जणांना होतो. उपचार आहेत. हृदयाच्या गोळ्या चुकवायच्या नाहीत, एक मनासाठी वाढेल, आठवड्यातून एकदा त्या डॉक्टरीणबाईंशी बोलायचं, व्यायाम चालू. “लगेच फरक पडणार नाही. काही आठवडे लागतील. तोवर ही अपराधाची भावना येत राहील. तिला विचारू नका की गुन्हा कोणता. आली, एवढंच म्हणा.”

“आणि हिला किती त्रास होईल तोवर?” मी विचारलं.

“आली,” डॉक्टर म्हणाले.

घरी आलो. संध्याकाळी हिनं शिट्टी गळ्यात घातली, पिशवी उचलली, दारात चपला घालता घालता थांबली. “जाऊ ना? की थांबू आज?”

उत्तर तयार होतं. जा, माझ्यापायी कशाला, लोक पाण्यात उभे असतील, मी ठीक आहे. सगळी वाक्यं ओळीनं उभी होती, व्याकरणशुद्ध.

“थांब,” मी म्हटलं.

तिनं पिशवी खाली ठेवली आणि तलावावर फोन लावला. तुकडी दुसऱ्या कोणावर तरी पडली. मला ते फार लागलं. तिकडचा माणूस कुरकुरत असल्याचं इथपर्यंत ऐकू येत होतं. ‘जाऊ दे, जा तू’ हे शब्द तोंडाशी आले, दोनदा आले.

मागे घेतलं नाही.